भावाला शुगर नाही, मलाच का? पोटातले बॅक्टेरिया, जीन्स आणि २४ हजारांचं पॅकेज

(पत्र विट्याजवळच्या एका गावातनं आलंय, वय ४१. नाव-गाव काढून मुद्दा तेवढा ठेवलाय.)

"ताई, विशीत असताना गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी कोइमतूरला गेलो तो तिकडचाच झालो. भाऊ गावाकडं शेती बघतो. वडील शुगरवाले. आता माझी पण तीन महिन्यांची शुगर ६.२ निघाली, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, वजन ७९, पोट सुटलंय. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, एकदम काटक, त्याला काहीच नाही. एकाच आईबापाची पोरं, जीन्स तेच, मग फरक कशानं? एका ऑनलाईन वेलनेसवाल्यानं पोटाच्या बॅक्टेरियाची टेस्ट करायला लावली. रिपोर्टमध्ये डिसबायोसिस (बॅक्टेरियाचा समतोल बिघडणं) ७१ टक्के आलं. तो म्हणतो चांगले बॅक्टेरिया कमी झाल्यामुळं शुगरचे जीन्स ऑन झालेत, ६ महिन्यांचं जीन रीसेट पॅकेज घ्या, त्यात बॅक्टेरियाच्या कॅप्सूल आणि फायबरची पावडर, २४ हजार. बुकिंगचे ३ हजार भरलेत. ज्वारी, हरभरा, डाळी बंद करायला सांगितल्यात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली मेटफॉर्मिन सुरू करू नका, त्यानं बॅक्टेरिया मरतात असं सांगितलंय. यूट्यूबवर बघितलं की बारीक माणसाच्या शौचातले बॅक्टेरिया जाड माणसाला देतात, मग भावाचे मला चालतील का? बायको म्हणते पैसे घालवू नका, तिला पण बाळंतपणात शुगर निघालेली, ती आपोआप गेली. मुलगी ९ वर्षांची, तिची टेस्ट करावी का? माझे बिघडलेले जीन्स तिला गेले असतील का? दिवाळीनंतर परत दुकानावर जायचंय. काय करू?"

दादा, आधी गोळीचं बोलू, बाकीचं नंतर.

मेटफॉर्मिननं बॅक्टेरिया मरतात हे त्या माणसानं तुम्हाला कुठून काढून सांगितलं देव जाणे. मेटफॉर्मिन आतड्यातल्या बॅक्टेरियांवर परिणाम करते एवढं खरंय, पण कसा? ज्या अकरमॅन्सिया नावाच्या बॅक्टेरियाचं हे वेलनेसवाले एवढं कौतुक करतात, तो मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या पोटात वाढलेला सापडतो, कमी झालेला नाही. म्हणजे पॅकेजमधल्या डबीत जे विकायचंय त्याला हातभार लावणारी स्वस्तातली गोळी तुम्हाला सुरूच करू नका म्हणून सांगितलंय. आता तुमची शुगर ६.२ आहे, म्हणजे प्रीडायबेटिस. ५.७ ते ६.४ मध्ये बसते, ६.५ पासून पुढं डायबेटिस म्हणतात. या टप्प्यावर गोळी द्यायची का नुसतं खाणं-चालणं सुधारून बघायचं यावर डॉक्टर वेगवेगळं ठरवतात, वय, वजन, लिव्हर, घरातली हिस्ट्री बघून. तुम्हाला का दिली ते डॉक्टरांना सरळ विचारा, "तीन महिने नुसतं खाण्यावर आणि चालण्यावर बघितलं तर चालेल का" असंही विचारा, त्यात काही चुकत नाही. पण ते तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवा. ज्यानं तुमचं पोट कधी हातानं दाबून बघितलं नाही त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माणसानं ते ठरवायचं नाही.

आता भाऊ. तुमच्या सगळ्या पत्राचा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे की भावाला शुगर नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं? भावानं टेस्ट केलीय का? पत्रात कुठंच तसं लिहिलेलं नाहीये. "काटक आहे, त्याला काहीच नाही" एवढंच आहे. आपल्याकडं काटक माणसाच्या अंगातलं कुणी बघतच नाही हो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता, ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघं पण बारीकच. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली हाडं-मांस कमी आणि चरबी आत दडलेली, असा आपला पिंड असतो. वडील शुगरवाले आहेत, भाऊ चाळिशी ओलांडलेला आहे, तर त्याची फास्टिंग आणि तीन महिन्यांची शुगर एकदा बघाच. नॉर्मल आली तर उत्तमच, नाहीतर तुमचा "मलाच का" हा प्रश्न तिथंच संपतो.

आणि जीन्स तेच हे पण बरोबर नाही. सख्ख्या भावंडांचे जीन्स सरासरी निम्मे सारखे असतात, सगळे नाही. सारखे फक्त एका बीजाच्या जुळ्यांचे. शिवाय बॅक्टेरिया सोडून तुमच्या दोघांत काय काय वेगळं आहे ते बघा ना. तो दिवसभर रानात चालतो, वाकतो, पाणी पाजतो. तुम्ही वीसेक वर्षं भट्टीपुढं आणि गल्ल्यावर बसून काढली. तेजाबाच्या धुरात काम, जेवणाची वेळ नाही, झोप कमी, दुपारी मेसचा भात आणि रात्री उशिरा परत भातच. याचा थेट परिणाम शुगरवर होतो, त्याला बॅक्टेरियाची मध्यस्थी लागतेच असं नाही. बसून राहिलेले स्नायू साखर उचलत नाहीत. गंमत म्हणजे जीन्सचंच म्हणाल तर २०१२ साली स्वीडनमध्ये तपासलं होतं, बैठं काम करणाऱ्या लोकांना एकदाच सायकलवर दमवलं आणि मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून बघितला तर साखर-चरबी जाळण्याशी संबंधित काही जीन्सवरच्या मिथाइलच्या खुणा (जीन दाबून ठेवणारे बारीक रासायनिक ठिपके) त्या एका व्यायामानं कमी झालेल्या. एका व्यायामानं! त्याला कुणी २४ हजार घेतले नाहीत.

हे सगळं म्हटलं तरी वेलनेसवाल्याचं सगळंच थापा आहे असं मी म्हणणार नाही. घोळ इथंच होतो, अर्धं खरं असतं आणि त्या अर्ध्याच्या जोरावर उरलेलं खपवतात. म्हणून खरं अर्धं जरा नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही विकायला आलं की तुम्हाला कळेल कुठं थांबवायचं.

आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, सगळ्यांचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. (आपल्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात हे वाक्य अजून फिरतं, २०१६ सालीच नवीन हिशेब झाला, जवळजवळ बरोबरीचं निघालं.) आपण खातो त्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, म्हणजे भाकरी, कडधान्यं, भाज्या यातलं फायबर, ते खाली त्यांच्याकडं जातं. ते त्याचं आंबवण करतात आणि त्यातनं बारकी आम्लं तयार होतात, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा, साधारण ७० टक्के, त्याच्यावरच चालवतात.

आता जीन्सचा संबंध. एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो, तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. जिथं गुंडाळी घट्ट तिथले जीन्स वाचले जात नाहीत, जिथं सैल तिथले वाचले जातात. सैल राहायला हिस्टोनवर अ‍ॅसिटिलचे बारीक तुकडे चिकटलेले लागतात, आणि ते तुकडे खरडून काढणारी एन्झाईम्स पेशीत असतात. ब्युटिरेट त्या एन्झाईम्सना अडवतं. म्हणजे दुपारी खाल्लेल्या मटकीचा चोथा रात्री बॅक्टेरियांनी आंबवला आणि त्यातनं जे निघालं त्यानं तुमच्या आतड्याच्या पेशीत कुठले जीन्स किती वाचले जातील यावर परिणाम केला, हे खरंच घडतं. मला तर हे कितीही वेळा वाचलं तरी नवलच वाटतं.

दुसरा रस्ता मिथाइलच्या खुणांचा, मघाशी सायकलच्या गोष्टीत आल्या त्याच. त्या डीएनएवरच लागतात आणि त्यासाठीचा कच्चा माल तयार व्हायला फोलेट आणि बी१२ लागतं. तिसरा रस्ता सुजेचा. खाण्यात चोथा कमी आणि तळकट जास्त असं बरेच दिवस चाललं की आतड्याचं अस्तर ढिलं पडतं, काही बॅक्टेरियांच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, मग आपल्या पेशी सुजेचे जीन्स जोरात वाचायला लागतात आणि लिव्हर, चरबी, स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. फ्रान्स-बेल्जियमच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांत हे दाखवलं. पित्तातली आम्लं पण बॅक्टेरिया बदलतात आणि ती आम्लं लिव्हरमधल्या जीन्सना कामाला लावतात, तो चौथा रस्ता, त्याच्यात आज शिरत नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयोग २००४ चा, अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या लॅबमध्ये झालेला. जन्मापासून एकही बॅक्टेरिया नसलेले उंदीर घेतले, त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातले बॅक्टेरिया दिले. दोन आठवड्यांत अंगातली चरबी ६० टक्क्यांनी वाढली, आणि खात होते ते उलट आधीपेक्षा कमी! कारण शोधताना सापडलं की चरबी साठवणाऱ्या एका एन्झाईमला लगाम घालणारा एक जीन आतड्याच्या अस्तरात असतो, तो बॅक्टेरिया आल्यावर दबला.

तर खरं अर्धं हे इतकं. आता खपवलेलं अर्धं.

एक म्हणजे यातलं बरंचसं उंदरांत झालंय, त्यातलं काही तर बॅक्टेरिया अजिबात नसलेल्या काचेतल्या उंदरांत. माणसांत काय दिसतं? २०१२ मध्ये चीनमध्ये आणि २०१३ मध्ये युरोपात डायबेटिसवाल्यांच्या पोटात ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया कमी दिसले. लगेच बोंब झाली की सापडलं कारण. मग २०१५ मध्ये तीच माहिती परत चाळली तेव्हा कळलं की आधी दिसलेल्या फरकातला बराचसा भाग डायबेटिसचा नव्हताच, पेशंट घेत असलेल्या मेटफॉर्मिनचा होता. ब्युटिरेटवाले कमी असणं त्यातनंही टिकलं, पण आधी बॅक्टेरिया बिघडले म्हणून शुगर आली का शुगर, वजन, औषधं, बदललेलं खाणं यामुळं बॅक्टेरिया बदलले, हे नुसत्या रिपोर्टवरनं सांगता येत नाही. शास्त्रज्ञ हजारो नमुने घेऊन जिथं जपून बोलतात तिथं तुमचा माणूस शौचाच्या एका डबीवरनं "जीन्स ऑन झालेत" सांगतो. त्या टेस्टमध्ये तुमचे जीन्स तपासलेच नाहीत की दादा! शौचातल्या बॅक्टेरियांचा डीएनए वाचलाय फक्त. तुमच्या लिव्हरमध्ये, स्नायूत कुठला जीन किती वाचला जातोय हे त्यातनं कळूच शकत नाही.

आणि ७१ टक्के. तुमच्याच धंद्यातलं विचारते, वेगवेगळ्या टंचाचे (शुद्धतेचे) दागिने वितळवले, नीट ढवळायच्या आधीच एका कडेचा तुकडा घेऊन टंच काढला, तर तो आकडा तुम्ही मान्य कराल का? गिऱ्हाईक तरी करेल का? शौचाच्या एका चमच्याचं तसंच आहे. आज काय खाल्लं, काल जुलाब झाले का, कुठल्या भागातनं घेतलं, लॅब कुठली, सगळ्यानं आकडा हलतो. आणि तुमच्याकडं निदान शंभर नंबरी सोनं म्हणजे काय हे ठरलेलं तरी आहे. इथं शंभर नंबरी पोट कसलं असतं ते अजून कुणी ठरवलेलंच नाही, मग ७१ टक्के कशाच्या? डायबेटिसच्या कुठल्याही मोठ्या गाईडलाईनमध्ये निदानाला किंवा उपचार ठरवायला ही टेस्ट सांगितलेली नाही.

पॅकेजच्या कॅप्सूलचं काय? अकरमॅन्सियावर माणसांतला एक बरा प्रयोग बेल्जियममध्येच झाला, २०१९ मध्ये छापून आला, तीन महिन्यांचा, ३२ जणांनी पूर्ण केला. गरम करून मारलेले बॅक्टेरिया दिलेल्यांचं इन्सुलिन जरा बरं काम करायला लागलं, जिवंत बॅक्टेरिया दिलेल्यांत तसं दिसलं नाही. वजनात म्हणण्यासारखा फरक कुणाच्याच नाही. आशा वाटावी असं आहे, पण ३२ माणसं म्हणजे एका गल्लीतली माणसं झाली, त्यावर "जीन रीसेट" असं नाव छापून डबी विकणं म्हणजे हद्दच. साधे प्रोबायोटिक बहुतेक येतात आणि जातात, पोटात ठाण मांडून बसत नाहीत. (केमो चालू असलेले, स्टेरॉईडवरचे, प्रतिकारशक्ती कमी असलेले वाचक असतील तर त्यांनी प्रोबायोटिक पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, क्वचित ते रक्तात शिरून इन्फेक्शन होतं.)

मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? डाएट शीटचा. ज्वारी बंद, हरभरा बंद, डाळी बंद, आणि वर सकाळ-संध्याकाळ फायबरची पावडर, त्यांच्याच कंपनीची. ब्युटिरेट बनवणाऱ्या बॅक्टेरियांना जे खायला लागतं तेच ताटातनं काढायचं आणि डब्यातनं विकायचं. उरलेले २१ हजार देऊ नका. बुकिंगचे ३ हजार परत हवेत असं त्यांना लेखी कळवा, मेसेज असला तरी चालेल, पावती जपून ठेवा, दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा.

भावाच्या बॅक्टेरियांचं वाचून मला हसू आलं पण तुम्ही विचारलं ते बरं केलं, कारण लोक न विचारता घरात मिक्सर घेऊन बसतात. तुम्ही यूट्यूबवर बघितलं ते खोटं नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१२ साली मेटाबॉलिक सिंड्रोम (पोट सुटलेलं, शुगर-बीपी-चरबी वाढलेली) असलेल्या पुरुषांना बारीक माणसांच्या शौचातले बॅक्टेरिया नळीनं दिले आणि सहा आठवड्यांनी इन्सुलिन चांगलं काम करताना दिसलं. व्हिडिओ तिथंच संपला असणार. पुढं २०१७ मध्ये त्याच लोकांनी मोठा प्रयोग केला तेव्हा १८ आठवड्यांनी फायदा गेलेला होता, बॅक्टेरिया पण मूळ पदावर आलेले. आणि धोका? २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला, दात्याच्या शौचाची त्यासाठी तपासणी न झाल्यानं औषधांना न जुमानणारे बॅक्टेरिया दोन पेशंटना गेले, त्यातला एक दगावला. हॉस्पिटलमध्ये होऊन ही गत. तेव्हा भावाकडनं ज्वारी घ्या, हुलगा घ्या, बाकी काही नको.

आता पत्रातली एक ओळ, जी तुम्ही चालता चालता लिहून टाकली. बायकोला बाळंतपणात शुगर निघालेली, आपोआप गेली. दादा, माझ्या लेखी तुमच्या घरातली सगळ्यात मोठी बातमी ती आहे. वारेच्या हार्मोन्समुळं ती शुगर चढते आणि बाळंतपण झालं की उतरते, हे बरोबर. पण ज्या बाईला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढं डायबेटिस व्हायचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, अभ्यासांत सात पट, दहा पट असे आकडे आलेत. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन टेस्ट करायची असते आणि पुढं दर एक ते तीन वर्षांनी शुगर बघत राहायची असते, आयुष्यभर. तुमची मुलगी ९ वर्षांची. या ९ वर्षांत वहिनींची टेस्ट किती वेळा झाली? तुमच्या पोटाच्या टेस्टला पैसे निघाले, त्यांच्या रक्ताच्या टेस्टला निघाले का? टोचून बोलत नाही, माझ्याकडं आहारासाठी येणाऱ्या दहा घरांतल्या आठ घरांत हेच असतं, नवऱ्याची फाईल जाडजूड आणि बायकोची फाईलच नाही. ग्लुकोज पाजून दोन तासांनीची शुगर, तीन महिन्यांची शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉईड एवढं तरी या आठवड्यात करून घ्या. हिमोग्लोबिन अशासाठी की अंगात रक्त कमी असलं तर तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा फसवा येऊ शकतो.

मुलीची पोटाची टेस्ट करू नका. त्यातनं काही कळणार नाही आणि पोरीच्या डोक्यात "माझ्या पोटात काहीतरी वाईट आहे" हे बसेल ते वेगळंच. तुमचे "बिघडलेले" जीन्स तिला गेले का? तुमचे जीन्स बिघडलेले नाहीत हो. त्यातली अक्षरं जशी होती तशीच आहेत, वापर कमी-जास्त होतो इतकंच. बापाच्या अंगावर जमलेल्या अशा खुणा बहुतांश पुसल्या जातात, बीज तयार होताना आणि गर्भ अगदी सुरुवातीचा असताना, दोन वेळा. गर्भातल्या दिवसांचा परिणाम मात्र खरा असतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं उपासमार झाली, त्या वेळी गर्भ नुकताच राहिलेला होता अशा मुलांच्या एका जीनवरच्या मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनी पण कमी सापडल्या. आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून आया आणि मुलं बघितली, तिथं गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन कमी काम करताना दिसलं. आईला गरोदरपणात शुगर असली तरी मुलाला पुढं वजनाचा, शुगरचा धोका थोडा वाढतो. याच्यावरनं घरात कुणी कुणाला बोलायचं नाही, त्या वेळी कुणाच्या हातात काय होतं? पोरीसाठी एवढंच करा, रोज खेळू द्या, बिस्किटाचे पुडे आणि सरबताच्या बाटल्या घरात आणू नका, सर्दी-पडशाला मेडिकलमधनं परस्पर अँटिबायोटिक देऊ नका. बालरोगतज्ज्ञांकडं वर्षातनं एकदा वजन-उंची बघून घ्या, वजन प्रमाणाबाहेर वाढतंय असं ते म्हणाले तरच रक्त तपासायचं.

तुमच्या खाण्याचं. ज्वारी परत सुरू करा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. पण एक सांगते, आपल्याकडं आता ज्वारीची पूजा चालू आहे, ती पण नको. न चाळलेल्या गव्हाच्या कणकेत पण ज्वारीएवढंच फायबर असतं, चपातीनं काही पाप केलेलं नाही. आणि भाकरी झाली तरी तिची साखरच होते शेवटी, रानात राबणाऱ्या भावाला चार चालतील, तुम्हाला दीड-दोन पुरे. खरा फरक भाकरीसोबत काय आहे त्यानं पडतो. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, पावट्याची नाहीतर घेवड्याची उसळ, मेथी, शेपू, गवार, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. आपल्या खानापूर-आटपाडीच्या कोरडवाहू घरात हे सगळं होतंच की, पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली आणि पाहुण्यांपुढं हुलगा ठेवायची लाज वाटायला लागली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. दोन भाकरी, दोन्ही वेळच्या ताटात मिळून दोन वाट्या उसळ, दोन वाट्या भाजी आणि एक पेरू, एवढ्यात ते होऊन जातं. एकदम वाढवू नका, पोट फुगेल, गॅस होईल आणि चार दिवसांत सोडून द्याल. आठवड्याला एकेक वाटी वाढवा, पाणी प्या. ताक-दही खा, चांगलंच आहे, फक्त त्यानं जीन रीसेट होतो असं कुणाला सांगू नका.

बॅक्टेरिया खाण्यानुसार चार-पाच दिवसांत हलायला लागतात, २०१४ च्या एका प्रयोगात हे दिसलंय, आणि जुनं खाणं सुरू केलं की तितक्याच लवकर परत फिरतात. म्हणून सहा महिन्यांचा कोर्स ही कल्पनाच चुकीची आहे.

यानं शुगर खरंच थांबते का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमनं २००६ मध्ये आपल्याच लोकांवर दाखवलंय, तीन वर्षांत खाणं-चालणं सुधारलेल्यांत डायबेटिस व्हायचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनवाल्यांत २६.४ टक्क्यांनी. जवळजवळ सारखंच. ते लोक जिमला जात नव्हते, दिवसाला अर्धा तास भरभर चालत होते. तुमचं वजन पाच-सहा किलो उतरलं तर लिव्हरवरची चरबी पण कमी होईल. पोटाचा घेर टेपनं मोजून लिहून ठेवा, आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. एकदा बी१२ तपासा, घरात माळ असेल आणि मटण-अंडी बंद असतील तर नक्कीच, आणि पुढं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घ्यावी लागली तर अधूनमधून परत, कारण ती बी१२ कमी करते.

हेच वाचून आपलंपण खाणं बदलू म्हणणाऱ्यांपैकी ज्यांचं इन्सुलिन किंवा शुगरच्या जोरकस गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना सांगा, भात एकदम अर्धा केला आणि डोस तोच राहिला तर शुगर झपकन उतरते, चक्कर येते. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डाळी-कडधान्यांचं विचारून घ्या. आणि वजन आपोआप घटतंय, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतंय, घशाला कोरड पडतीय असं ज्यांना होतंय त्यांनी असली सदरं वाचत बसू नका, उद्या सकाळी दवाखाना.

राहिलं कोइमतूर. "तिकडच्या खाण्यानं वाटोळं केलं" असं तुमच्या मूळ पत्रात दोन-तीनदा आलंय, मला ते पटलं नाही. तिकडचं साधं घरचं खाणं आपल्यापेक्षा वाईट नाही, मेसचा ढीगभर भात आणि रात्री अकराला जेवण हे कुठंही वाईटच. हुलगा तिकडं कोळ्ळू म्हणून कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, त्याचं रसम करतात. नाचणी, बाजरी मिळते, संध्याकाळी हरभऱ्याचं सुंडल मिळतं, वडा-बज्जीऐवजी ते घ्या. सोबत कामाला पोरं असतील तर मेसवाल्याला महिन्याचे पैसे देतानाच सांगा की भात निम्मा आणि पोरियल (सुकी भाजी) दुप्पट, गिऱ्हाईक पक्कं असलं की तो ऐकतो. रात्रीचं जेवण भट्टी बंद करायच्या आधी, आठपर्यंत, आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाजारपेठेतनं चक्कर. जायच्या आधी इथल्या डॉक्टरांना भेटून गोळीचं काय ते नक्की करा, आत्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत न्या आणि तीन महिन्यांनी तिकडच्या लॅबमध्ये तीच टेस्ट करून इथल्या डॉक्टरांना पाठवा.